सकाळचं माप

सोमवार, ता. ६

प्रिय दादा,

सलाम. वहिनीलाही सलाम सांग, आणि हेही सांग की हे पत्र तिने तुला वाचून दाखवायचं नाही. तुझे डोळे शाबूत आहेत, चष्माही शाबूत आहे. तिनेच सांगितलंय मला.

तू फोनवर येत नाहीस, म्हणून पत्र. याआधी तुला कधी लिहिलं होतं ते आठवतही नाही, बहुतेक नोकरी लागली तेव्हा. कागद घेऊन बसलो तशी ही म्हणाली, "चार ओळी लिहून उठाल. आम्ही मजेत, तुम्ही मजेत ना, कळावे." मी म्हटलं, बघच तू.

तर आम्ही मजेत आहोत. थोरलीची परीक्षा संपली, धाकटीची दाढ दुखत होती ती काढली. घराच्या भिंतीला ओल आली होती, ती मी स्वतः खरवडून नीट केली. प्लास्टरचं काम मला जमतंच.

आता तुझं. वहिनी म्हणते जखम भरली, साखरही ताब्यात आहे. पण तू दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असतोस, उपासनेला जात नाहीस, आणि पाय बसवून घ्यायचा विषय निघाला की तोंड फिरवतोस. दादा, पंचवीस वर्षं मी कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत आहे, तेव्हा एवढं बोलण्याचा हक्क मला दे. गुडघ्याखाली कापलेला पाय खुर्चीत सारखा वाकवून ठेवला की गुडघा आखडतो. एकदा तो पुरता आखडला की मग सोन्याचा पाय करून दिला तरी माणूस त्यावर उभा राहू शकत नाही. तीन महिने झालेत. अजून एक-दीड महिना हातात आहे असं धर. वहिनी गुडघ्याखाली उशी ठेवते ती मायेने ठेवते, पण ती काढायला सांग.

हे सगळं मला तुला भेटायला आलो त्या दिवशी दवाखान्यातच सांगायचं होतं. पण गाडीची वेळ झाली होती, घाईत निघावं लागलं. असो.

मी काही उपदेश करायला बसलेलो नाही. तीस वर्षं चर्चमध्ये तू उपदेश केलास आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकला, आता या वयात उलटापालट नको. मला तुला आमच्या मिस्त्रींबद्दल लिहायचं आहे. तू वहिनीला म्हणालास म्हणे, "देव आता कुठे दिसत नाही." मला तो दिसतो असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मिस्त्री मात्र दिसतात. रोज, आठ तास.

मिस्त्री म्हणजे आमच्या कार्यशाळेचे मुख्य. साठीला आलेले, बुटके, भुवयांमध्ये कायम प्लास्टरची पांढरी धूळ. घरी जाऊन तोंड धुतलं की भुवया काळ्या होतात, त्यामुळे त्यांच्या नातवाला वाटतं की आजोबा रोज संध्याकाळी तरुण होतात. देवळात जाताना, चर्चला जाताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला देव-बिव कळत नाही रे. मला गुडघा कळतो."

आमच्याकडे 'खुंट' हा शब्द चालत नाही. मी नवीन असताना एकदा बोलून गेलो. मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "खुंट झाडाचा असतो. माणसाचा पाय असतो. आखूड असेल, पण पाय." तेव्हापासून सगळे 'आखूड पाय' म्हणतात, येणाऱ्याच्या नोंदीच्या कार्डावरही तसंच लिहितात.

माप घ्यायच्या आधी ते कोमट पाण्यात हात बुडवून ठेवतात. मग टॉवेलने पुसतात, स्टुलावर न बसता खाली जमिनीवर गुडघे टेकतात आणि समोरच्याला विचारतात, "हात लावू का?" माणूस दहाव्यांदा आलेला असला तरी विचारतात. एकदा एका ड्रायव्हरने वैतागून म्हटलं, "अहो लावा ना, त्यासाठीच तर आलोय!" त्यावर मिस्त्री म्हणाले, "साहेब, दवाखान्यात तुम्हाला सगळ्यांनी न विचारता हात लावला. इथे तरी विचारू द्या." तो एवढा दांडगा ड्रायव्हर, पण नाक ओढत भिंतीकडे बघत राहिला.

प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा त्याने पाणी कोमट करून घेतलं असेल का रे? तेवढं कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण मला वाटतं घेतलं असेल. मिस्त्रींना बघून वाटतं.

आता एक गोष्ट सांगतो, तीच सांगायला बसलो होतो. दोन-अडीच महिने झाले असतील. एका शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या होत्या, पाच तास बसने. उशीर होऊन संध्याकाळी पाचला पोचल्या. आमचा नियम असा की माप सकाळीच घ्यायचं. दिवसभर, त्यात प्रवासात, आखूड पाय लोंबकळत राहिला की सुजतो. संध्याकाळच्या मापावर पाय केला तर तो सकाळी ढिला पडणार. म्हणून प्रत्येक कार्डावर मापाची वेळ लिहायचीच, मिस्त्री ती बघितल्याशिवाय त्या मापावरून ओतलेल्या प्लास्टरच्या साच्याला हात लावत नाहीत.

त्या दिवशी मिस्त्री लवकर घरी गेले होते. आमच्यातल्या एकाने बाईंना दुसरी खेप पडू नये म्हणून, दयेपोटीच म्हण, तेव्हाच प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप घेतलं. आणि कार्डावर लिहिलं, सकाळी दहा.

पंधरा दिवसांनी बाई पाय घालून दोन दांड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. तीन पावलं टाकली, आणि चौथ्याला पाय आतल्या आत फिरला. पडल्या. आखूड पायाची कातडी सोलवटून निघाली.

मिस्त्रींनी कार्ड पाहिलं. वेळ बरोबर. मग चूक कुठे? साच्याची शेवटची घासणी त्यांच्या हातची असते, कानशीने, जरा जास्त गेली तर घट्ट आणि कमी गेली तर ढिला. तीन दिवस ते त्या पांढऱ्या साच्यासमोर उभे राहून बोटांनी चाचपत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कानस आमच्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाले, "माझे हात गेले. इथून पुढे तुम्ही घासा." ज्या माणसाने चाळीस वर्षांत हजारो लोकांना उभं केलं तो माणूस हातांकडे असा बघत होता, जसे ते दुसऱ्याचेच आहेत.

चौथ्या दिवशी चूक करणाऱ्याने कबूल केलं. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. तर मिस्त्री म्हणाले, "म्हणजे माझे हात गेले नाहीत?" आणि हसले. दादा, लहान मुलाला हरवलेली चप्पल सापडावी तसे हसले. मग म्हणाले, "बाईंना बोलवा."

बाई आल्यावर ते खाली बसले आणि म्हणाले, "बाई, चूक आमची. माप चुकीच्या वेळेला घेतलं आणि कार्डावर खोटं लिहिलं." कोणी घेतलं, कोणी लिहिलं, एक अक्षर नाही. 'आमची' म्हणाले आणि स्वतः त्या शब्दाच्या पुढे बसून राहिले.

बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात असतात तर अंगठे धरून उभं केलं असतं."

"करा की."

"आधी मला उभं करा. मग मी तुम्हाला वाकवते."

सगळी कार्यशाळा हसली. नवा पाय झाला, सकाळच्या मापावर. परवा बाईंचं पोस्टकार्ड आलं, फळ्यापाशी सलग दोन तास उभ्या राहतात आणि पोरांना त्याचा पश्चात्ताप होतो आहे.

दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेणं याविषयी तुझी निदान वीस प्रवचनं मी ऐकली असतील. मिस्त्रींचं एकच वाक्य ऐकलं, आणि त्यांना ते प्रवचन आहे हे माहीतही नव्हतं. तुला हे कळवावंसं वाटलं.

उत्तर दे. नाही दिलंस तरी उशीचं बघ.

तुझा
बारक्या


रविवार, ता. १९, सकाळचे साडेनऊ

प्रिय दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. अक्षर थोडं हललंय, पण 'बारक्या'तला 'ब' तसाच पोटफुगा. त्यावर एवढंच: "मिस्त्री चांगला माणूस आहे. तुझं काय?"

नऊ दिवस ते कार्ड मी खिशात घेऊन फिरतोय. हिने धुवायच्या कपड्यांतून दोनदा बाहेर काढून दिलं. दुसऱ्या वेळी म्हणाली, "एवढ्याशा कार्डाला उत्तर द्यायला माणसाला दिवस किती लागतात?"

तुला फसवता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी दर वेळी करून बघतो.

माप घेणारा मीच. कार्डावर 'सकाळी दहा' लिहिणाराही मीच. आणि 'दयेपोटी' लिहिलं तेही खोटं. बाई स्वतःहून म्हणाल्या होत्या, "माझी मावसबहीण इथेच राहते. मी तिच्याकडे मुक्काम करते, सकाळी आठला येते." मीच म्हणालो, नको, उरकून टाकू. मला ते उरकून टाकायचं होतं. सकाळी पुन्हा त्या पायासमोर बसायला लागू नये एवढंच मला हवं होतं. पट्ट्या गुंडाळताना मी पायाकडे बघतही नव्हतो, नळाकडे बघत होतो. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी तुझ्याकडून परत आलो, त्याच्या तिसऱ्या दिवसाची ही गोष्ट.

गाडीची वेळ झाली नव्हती, दादा. माझी गाडी संध्याकाळी साडेपाचची होती आणि मी तुझ्या खोलीतून निघालो तेव्हा दुपारचा एकही वाजला नव्हता. तू उठून बसायचा प्रयत्न केलास, म्हणून नर्सने तुझ्या अंगावरची चादर बाजूला केली. तू माझ्याकडे बघत होतास. बहुतेक तू वाट बघत होतास की हा आपला भाऊ, याच कामातला, हा आता जवळ येईल, हात लावील, म्हणेल की दादा काही नाही रे, असे मी हजार पाहिलेत. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. बसमध्ये मी ते पाठ करत आलो होतो. आणि मी घड्याळात बघितलं आणि 'येतो' म्हणालो.

त्यानंतर मी दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर चार तास बसलो होतो. एक झाडूवाली दोनदा येऊन म्हणाली, "अहो, पाय उचला, पुसायचंय." दोन्ही वेळा मी पाय उचलले. दोन्ही.

का पळालो ते मलाच नीट कळायला एवढे दिवस गेले. मी त्या आखूड पायाला घाबरलो नाही. मला घेरी आली नाही, किळस तर मुळीच नाही. मी घाबरलो ते तुला. म्हणजे तू एवढासा दिसलास त्याला. आई-बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुढे शाळेची फी, माझी चप्पल, माझी भीती, सगळं तुझ्याकडे होतं. तू पुढे चालायचास आणि मी तुझ्या टाचांकडे बघत चालायचो. पुढे तू चर्चमध्ये उभा राहून बोलायला लागलास तेव्हा मला देव कसा असेल असं विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, दादासारखा, थोडा उंच. त्या दिवशी मी तुला पलंगावर तसं पाहिलं, आणि माझ्या मनात आलं की आता माझ्यापुढे कोणी चालणार नाही. वय एकोणपन्नास, दोन मुलींचा बाप, आणि हे मनात आलं. मला लाज वाटते लिहायला.

वहिनीने मला सगळं सांगितलंय. तू म्हणालास, "ज्याला माझ्याकडे बघवत नाही त्याने माझ्यासाठी पाय करू नये." बरोबर आहे. माझ्या हातून तू पाय करून घेऊ नयेस असंच मलाही काही दिवस वाटत होतं.

पण मिस्त्रींची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. कबुली दिली त्या दिवशी सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "तू असा नाहीस. काहीतरी झालंय. मला सांगितलं नाहीस तरी चालेल, ज्याला सांगायचं त्याला सांग." त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. आणि मग बाई परत आल्या, ती अंगठे धरायची थट्टा झाली, सगळे हसले, आणि मिस्त्री उठून बाजूला झाले. मला म्हणाले, "ये, बस इथे. माप तू घे."

मी म्हटलं, "मी नको."

"पाणी गरम आहे तोवर बस."

बसलो. हात बुडवले, पुसले. बाईंना विचारलं, हात लावू का? बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हीच होता ना हो?" मी मान हलवली. मला वाटलं, उठून जातील, आणि गेल्या असत्या तर योग्यच झालं असतं. मग म्हणाल्या, "लावा. पण या वेळी इकडे बघून."

मी बघितलं. सोलवटलेल्या जागी नवी कातडी आली होती, गुलाबी, अगदी पातळ. मी खालून दोन्ही तळहातांवर तो पाय घेतला. गुडघ्यामागे बोटं गेली तिथे नाडी लागत होती. मी पंचवीस वर्षं ती नाडी बोटांना लागते हे जाणतो, तिच्यावर खूण करतो आणि पुढे जातो. त्या दिवशी पुढे जाता येईना. कापलेल्या जागेपर्यंत रक्त येत होतं आणि शहाण्यासारखं परत वळत होतं. पुढे रस्ता नाही म्हणून ते थांबलं नव्हतं. दादा, मी कोणी दर्शन-बिर्शन झालेला माणूस नाही. गावच्या शाळेत शिकलेला प्लास्टरवाला आहे. पण त्या क्षणी त्या पायाशी आम्ही तिघंच नव्हतो, हे मला त्या नाडीइतकं स्पष्ट लागलं. आणि तो वर कुठे उभा नव्हता. तो खाली, गुडघ्यांवर होता, माझ्या आधीपासून.

तूच एकदा सांगितलं होतंस की मरणातून पुन्हा उठल्यावरही प्रभूच्या अंगावर जखमा तशाच होत्या. सगळं नवं झालं, पण त्या त्याने ठेवल्या, आणि शंका घेणाऱ्या शिष्याला म्हणाला की हात लाव. त्या रविवारी मी मागच्या बाकावर होतो. मला वाटलं होतं की ही गोष्ट शंका घेणाऱ्यांसाठी आहे. आता वाटतं, पळून जाणाऱ्यांसाठीही असेल.

मी बुधवारी येतोय. पाच दिवसांची रजा घेतली आहे. मिस्त्रींना पहिल्यांदाच सांगितलं की माझा भाऊ आहे, आणि कसा आहे. त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि पट्ट्यांचा खोका माझ्या पिशवीत ठेवायला लागले. मी नको म्हटलं. आधी मला नुसतं यायचं आहे. पाय करायचा की नाही, आणि करायचा तर कोणाकडून, ते तू ठरव. मिस्त्री स्वतः यायला तयार आहेत. माझ्यापेक्षा त्यांचा हात कितीतरी चांगला आहे, हे मी भाऊ म्हणून नाही, कारागीर म्हणून सांगतो. गुडघा मात्र वाट बघणार नाही, त्यामुळे माझ्यावरचा राग गुडघ्यावर काढू नकोस. मला दारातूनच परत पाठवलंस तरी वहिनीला तेवढे व्यायाम शिकवून जाईन.

अजून एक राहिलं. आता साडेदहा होत आलेत. इथल्या चर्चमध्ये या वेळी दुसरं गीत चालू असेल, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला लिहितोय. तू उपासनेला जात नाहीस म्हणून वहिनी फोनवर रडते आणि मी तिची समजूत घालतो. मीही तीन महिने गेलेलो नाही. दर रविवारी मुलींना आणि हिला दारापर्यंत सोडतो आणि वळतो. हिला सांगितलंय की काम आहे. हिला सगळं कळतं. देव कार्यशाळेत भेटतो, तिथे मला त्याच्याकडे बघता येतं. पण त्याच्या घरात शिरायचं म्हणजे मागच्या बाकावर बसायचं आणि समोर बघायचं, आणि समोर मला तूच दिसणार. ते अजून जमत नाही.

रविवारपर्यंत मी तुझ्याकडे असेन. जाववलं तर आपण दोघं जाऊ, मी धरीन. नाही जाववलं तर घरीच बसू. दोघं आहोत म्हटल्यावर प्रभू येईल, त्याने तसा शब्दच दिलाय.

तोवर माझं एक काम कर. वहिनी म्हणते तू प्रार्थना करणं सोडलं आहेस. स्वतःसाठी करवत नसेल, मी समजू शकतो. देवावर रागावला असशील तर तोही राग त्याला सांगण्यासारखाच आहे. पण बुधवारी बसमधून उतरल्यापासून तुझ्या दारापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता आहे, आणि मी एकदा पळालेला माणूस आहे. माझ्यासाठी कर. मोठ्याने नको, लांब नको. मला त्या दहा मिनिटांपुरतीच हवी आहे.

तुझ्याकडे यायला निघालेला,
बारक्या